मानाची चौकट

आधी माफी मागतो. आमच्या घरात लग्नपत्रिकेवरच्या पत्त्यांपलीकडे कोणी काही लिहिलेले नाही, आणि कॉलेजात गेलेला पहिला मीच. तरी लिहितो.

अमरावतीला शेवटच्या वर्षाचा प्रकल्प म्हणून मी कॉलेजच्या ग्रंथालयासाठी एक प्रोग्रॅम केला. तिथल्या जुन्या संगणकाला चित्रे झेपत नाहीत. काळ्या पडद्यावर फक्त अक्षरे. त्यात पुस्तकांची यादी, आणि तिच्यावर मधोमध दिसायला हवी अशी एक चौकट : ‘पुस्तक द्यायचे?’

पण चौकट यादीच्या मागे जाऊन बसली. दिसत नव्हती, पण ऐकत होती. काहीच होत नाही म्हणून ग्रंथपाल एंटर दाबत राहिले आणि ती प्रत्येक एंटरला ‘होय’ समजत गेली. खाते प्राचार्यांचे उघडे होते. पाककलेचे अख्खे कपाट त्यांच्या नावावर चढले.

प्रकल्पाचे सर म्हणाले, “सोमवारी परीक्षक येतात. चौकट दिसली नाही तर नापास.”

रविवारी अकोल्याला चुलतभावाचे लग्न होते. आत्याचे यजमान म्हणजे आमचे थोरले जावई. पंगतीत पहिले पान त्यांचेच. जेवता जेवता त्यांनी माझा परीक्षा क्रमांक मोबाइलमध्ये घेतला. “निकाल मीच पायतो,” म्हणाले.

फोटोला सगळे नीट उभे राहिल्यावर ते विडा चघळत आले आणि थेट नवरदेवापुढे उभे राहिले. मागे नुसता फेटा उरला.

“भाऊजी, जरा बाजूले सरका ना,” फोटोवाला म्हणाला.

“कावून? मी काय पडदा हाओ काय?”

बाबा पुटपुटले, “राहू दे रे बाप्पा. मांगं जा म्हटलं तं दिवाळीपर्यंत बोलत नाहीत ते.”

मी फेट्याकडे बघत राहिलो. चौकट महत्त्वाची, म्हणून मी तिला जावयासारखा मान देऊन पडद्यावर सगळ्यांत आधी काढली होती. पण पडद्यावर पंगतीचा कायदा चालत नाही, फोटोचा चालतो. शेवटी येईल तो सगळ्यांना झाकतो. परतताना एसटीत लॅपटॉप उघडला आणि प्रोग्रॅममधली चौकट काढायची ओळ यादी काढायच्या ओळीखाली नेली.

सोमवारी चौकट दिसली. परीक्षकांनी ‘नाही’ दाबून पाहिले, हूं म्हणाले आणि चहा मागवला. त्या हूंचा अर्थ लावण्यात माझे पुढचे कितीतरी दिवस गेले.

मग एका दुपारी बाबांचा फोन आला.

“पास झाला रे तू! जावई आताच सांगून राहिले.”

“मी तर अजून पाहिलाच नाही.”

“तू मंग पाय. पयले त्याईले फोन कर, नाही तं रुसतीन.”