पाट व्याली

"पाट व्याली? अहो ताई, पाटावर आम्ही जेवायला बसतो. तो कधीपासून व्यायला लागला?"

सगळं सभागृह हसलं. सोलापुरातला कथावाचनाचा कार्यक्रम. माइकसमोर मी, हातात मोबाइल. बोलले ते अध्यक्ष, निवृत्त प्राध्यापक. माझं पहिलंच वाक्य त्यांनी अडवलं होतं.

पाट म्हणजे तरणी शेळी, पहिल्या वेताआधीची. आमच्या सांगोल्याकडच्या माळावर शेंबड्या पोराला ठाऊक असतं. तरी मी म्हणाले, "चुकलं हाय माजं, सर."

"आधी आहे-नाही म्हणायला शिका, मग साहित्यात या."

पुन्हा हशा. पुढच्या रांगेतल्या बाईंनी तर हसून हसून डोळे पुसले. मी खाली उतरले. कथा तशीच राहिली.

मी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कडा शिवते. जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवर गोष्टी लिहायचे, फेसबुकवर टाकायचे. हाय, न्हाय, कुटं, हितं. आई बोलते तसं. करकंबची एक बाई खाली लिहायची, "आमची आई अशीच बोलती की." तेवढ्यावर माझा आठवडा मजेत जायचा.

कार्यक्रमानंतर मी गोष्टी शुद्ध करायला बसले. हायचं आहे केलं. पाट काढून 'तरुण शेळी' घातली. गावाकडं आईला ती गोष्ट फोनवर वाचून दाखवली. आई शेळ्या राखते, तिला वाचता येत नाही. शेवटपर्यंत ऐकलं तिनं. मग म्हणाली, "हे कुणाचं लिवल्यालं हाय गं?"

कुणाचं! मी सगळ्या गोष्टी काढून टाकल्या.

मग अंथरूण धरलं. अंघोळ नको, भाकरी नको, जगणंच नको वाटायला लागलं. "लिवून लिवून डोस्कं फिरलं हिचं," ज्याच्या घरी राहते तो चुलता म्हणाला. शेवटी शेजारच्या मशीनवरची बाई हाताला धरून डॉक्टरकडे घेऊन गेली. डिप्रेशन. गोळ्या सुरू झाल्या, अजून चालू आहेत. त्याची मला लाज वाटत नाही. लाज त्या हसणाऱ्यांची होती, मी उगाच घरी घेऊन आले होते.

बऱ्याच महिन्यांनी त्याच प्राध्यापकांचा फोन आला. ग्रामीण कथांचं पुस्तक काढत होते.

"तुमची ती पाटाची कथा घेऊ म्हणतो. अस्सल माती आहे तिच्यात. भाषा तेवढी आम्ही नीट करू. हरकत नाही ना?"

ऐकलं होतं एकच वाक्य, आणि माती दिसली यांना! माती पाहिजे, तोंड नको.

"न्हाय," मी म्हणाले.

"छान. मग पाठवून द्या."

"न्हाय म्हंजे द्यायची न्हाय. माज्या गोष्टीला हात लावायचा न्हाय."

"कुणाशी बोलताय, भान आहे का?"

"हाय की. म्हणूनच बोलतीया."

मी फोन ठेवला. लगेच गोष्ट पुन्हा लिहिली आणि फेसबुकवर टाकली. पहिलं वाक्य तेच: आमची पाट व्याली.

पाट म्हणजे काय, ते इथं एकदा सांगितलं. पुन्हा सांगणार नाही. कळलं नाही तर विचारा. हसलात, तर आता मी खाली उतरणार नाही. तुमचं हसणं संपेपर्यंत माइकपाशी उभी राहीन आणि पुन्हा पहिल्या वाक्यापासून वाचीन.