डाव्या कानाची साक्ष

माझा डावा कान बरा झालेला नव्हता आणि तो बरा झाल्याची साक्ष मी दोनदा दिली. एकदा कल्याणला लग्नाच्या हॉलमध्ये, अनोळखी लोकांसमोर. आणि एकदा डोंबिवलीत माझ्याच मंडळीसमोर, म्हणजे आमच्या चर्चच्या लोकांसमोर, उपासनेत. पहिल्या वेळी गैरसमज झाला होता. दुसऱ्या वेळी गैरसमज वगैरे काही नव्हता. नुसता मी होतो.

कान गेला तो वागळे इस्टेटमध्ये. पत्र्याचे भाग ठोकणाऱ्या कारखान्यात सत्तावीस वर्षं माझ्या डाव्या हाताला पॉवर प्रेस आहे. कानात घालायला प्लग मिळायचे, पण ते घातले की साहेब काय ओरडतोय ते कळत नाही, म्हणून मी ते खिशात ठेवायचो. आता साहेब कानात येऊन ओरडला तरी कळत नाही. अशा माणसाला जगायला एक शब्द लागतो. माझा शब्द ‘बरं’. ऐकू आलं नाही की मी ‘बरं’ म्हणतो. भाजीवाल्यानं भाव सांगितला, बरं. बायकोनं काही बजावलं, बरं. एकदा सोसायटीच्या सभेत डावीकडून कोणीतरी काहीतरी विचारलं, मी ‘बरं’ म्हणालो, आणि जिना चढेपर्यंत मी पाण्याच्या टाकीच्या समितीचा सेक्रेटरी झालेलो.

कल्याणची ती आरोग्य सभा, म्हणजे प्रार्थनेनं आजार बरे करायची सभा, आमच्याच मंडळीतल्या एका गृहस्थानं भरवली होती. त्याला आयोजक म्हणू. चांगल्या मनाचा माणूस, फक्त शांत बसवत नाही. “या हो, कानासाठी प्रार्थना करून घेऊ,” म्हणाला. मी गेलो. थट्टा करायला गेलो नव्हतो, हे आधीच सांगतो. आम्ही पिढ्यान्‌पिढ्यांचे ख्रिस्ती, दुखलं खुपलं की प्रार्थना आणि गोळी दोन्ही पाण्याबरोबर घेणारे. मला खरंच ऐकायला यायला हवं होतं.

रांगेत माझा नंबर आला. बाहेरगावच्या प्रचारकांनी दोन्ही तळवे माझ्या दोन्ही कानांवर गच्च दाबले. डावा तर आधीच बंद, आता उजवाही झाला. डोळे मिटून ते पुष्कळ वेळ बोलले. मग डोळे उघडून त्यांनी माझ्याकडे बघत ओठ हलवले. काहीतरी विचारलं असणार. मी सवयीनं म्हणालो, “बरं.”

तळवे सुटले आणि माईक गरजला, “भाऊ म्हणतात, बरं! बरं वाटतंय!”

हॉल उसळला. कीबोर्डवाल्यानं सूर धरला. आयोजकानं माझ्या हातात माईक कोंबला. इथं शहाण्या माणसानं सांगितलं असतं की नाही हो, माझं ते दुसरं बरं होतं. पण मला आयुष्यात माईक मिळाला होता तो फक्त टाकीच्या समितीत, आणि तोही बंद. चारेकशे माणसं टाळ्या वाजवत होती. मी म्हणालो, “मला पंख्याचा आवाज येतोय.” येत होता. उजव्या कानानं.

परत येताना रिक्षात बायको माझ्या डाव्या बाजूला बसली. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, ती कायम उजवीकडे बसते. रस्त्यात ती काहीतरी बोलली. मी ‘बरं’ म्हणालो. कुलूप उघडताना माझ्या उजव्या कानाशी येऊन म्हणाली, “मी रिक्षात विचारलं, तुम्हाला खरंच ऐकू येतंय का. तुम्ही बरं म्हणालात.”

“अगं, ते सगळं एकदम झालं...”

“मग रविवारी सांगून टाका.”

“सांगतो.”

रविवारी पाळकसाहेबांनी साक्षीसाठी नाव पुकारलं तेव्हा मी सांगायलाच उठलो होतो. पण तोवर माझ्या ‘बरं’चा व्हिडिओ मंडळीच्या ग्रुपवर फिरून आलेला. समोर बघतो तर सगळे चेहरे असे, जणू जेवायला बसलेत आणि मी वाढपी आहे. मग मी वाढलं. म्हणालो, सकाळी डाव्या कुशीवरून उठलो आणि डाव्या कानात कोकीळ ओरडला. आमच्या खिडकीसमोर कोकीळ नाही, पाण्याचा पंप आहे. पण पंपाची साक्ष कोण ऐकणार?

पहिल्या रांगेत मावशी बसल्या होत्या. त्या कोणाच्याच सख्ख्या मावशी नाहीत. निवृत्त प्राथमिक शिक्षिका, विठ्ठलवाडीला एकट्या राहतात, चाळीस वर्षं मंडळीत मुलांची रविवारची शाळा घेत आल्या. माझी बायको त्यांच्या हाताखालून गेली, आमची मुलंही. आंधळ्याला दृष्टी आली, वाकलेली बाई ताठ झाली, या गोष्टी डोंबिवलीतल्या निम्म्या ख्रिस्ती पोरांनी मावशींच्या तोंडून ऐकल्या आहेत. त्या स्वतः एकोणीस वर्षं मधुमेहाच्या. उजव्या पायाची दोन बोटं कापलेली, चालायला काठी. रोज इन्सुलिन. उपासना संपल्यावर त्यांनी माझा हात धरला आणि डावीकडून बराच वेळ काहीतरी सांगितलं. डोळ्यांत पाणी होतं. एवढ्या गर्दीत वाकून उजवा कान पुढे केला असता तर माझा चमत्कार तिथंच पंचत्वात विलीन झाला असता. म्हणून मी मान डोलावली आणि म्हणालो, “बरं, मावशी. बरं.”

पुढच्या रविवारी मावशी आल्या नाहीत. त्यानंतरच्या शनिवारी बायकोनं फोन लावला. फोन ठेवून ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

“मावशींनी इन्सुलिन सोडलंय. तेरा दिवस झाले.”

“वेड लागलंय का? कोणी सांगितलं त्यांना सोडायला?”

“तुम्ही.”

“मी?”

“त्या दिवशी त्यांनी तुम्हाला विचारलं. तुला मिळालं तसं मलाही मिळेल, मी आता सुई सोडून विश्वासानं उभी राहते, राहू ना? तुम्ही दोनदा बरं म्हणालात.”

माझ्या मूर्खपणावर मी आजवर पुष्कळांना हसवलंय. त्या दिवशी पहिल्यांदा मला त्यात हसण्यासारखं काही सापडलं नाही.

विठ्ठलवाडीला पोचलो तेव्हा मावशी स्वयंपाकघरात उभ्या राहून पाणी पीत होत्या. आमच्यासमोर तीन भांडी प्यायल्या. ओठ सुकलेले, गालांची हाडं वर आलेली. मी चप्पल काढता काढताच सांगून टाकलं. “सलाम मावशी. माझा कान बरा झालेला नाही. मी खोटं बोललो.”

मावशी हसल्या. “असं होतं. सैतान असाच शंका घालतो.”

“शंका नाही हो. बहिरा आहे मी. कोकीळ नव्हता, पंप होता.”

“पेत्रानं प्रभूला तीनदा नाकारलं होतं. तुझं हे पहिलंच.”

आता काय करणार? खोटं बोललो तेव्हा मंडळीनं डोक्यावर घेतलं, खरं बोलायला लागलो तर मी पेत्र! मी उजव्या कानात बोट घातलं आणि म्हणालो, बोला काहीही, मला ऐकू येणार नाही. मावशींनी बोट ओढून काढलं. “देवाची परीक्षा घ्यायची नसते.”

बायको म्हणाली, “मावशी, दवाखान्यात चला. मी रिक्षा आणते.”

“बस गं.” मावशी खुर्चीत टेकल्या. मग माझ्याकडे बघून बोलल्या, आणि आता त्या हसत नव्हत्या. “खरं सांगू? तुझं ऐकून मला आधी आनंद झाला नाही. राग आला. तू प्रार्थनेत घोरतोस. अर्पणाची थैली आली की तुला खोकला होतो. तुला मिळालं. आणि मी चाळीस वर्षं त्याच्या गोष्टी सांगते, मला नाही? जो तो सांगतो, मावशी, तुमचा विश्वास कमी पडतो. मग विचार केला, आपण कुठं हात राखून ठेवलाय? तर सुई. तेवढीच राहिली होती.”

मला तोवर वाटत होतं, आपण एक निरुपद्रवी थाप मारली. आता कळलं, त्या थापेचा मावशींच्या बाजूनं अर्थ एवढाच होता की देवानं वर्गात हजेरी घेतली आणि तुमचं नाव गाळलं.

“मी आत्ता सांगतोय ते खरं आहे, मावशी.”

“साक्ष मंडळीत दिलीस ना? मंडळीत मागे घे. माझ्या स्वयंपाकघरात कसली घेतोस? उद्या येते मी. मग बघू.”

कारखान्यात माझ्या बाजूच्या मशीनवर एक कोकणातला गडी आहे. व्हिडिओ त्याच्यापर्यंतही गेलेला. आल्या दिवसापासून तो माझ्या डावीकडे पाना आपटून बघायचा आणि मी दचकलो नाही की म्हणायचा, “बघ, तुमचं ते सगळंच थापा रे.” मी दोन आठवडे हसून सोडून दिलेलं. त्या शनिवारी त्याला फोन करून सांगितलं, “थाप माझी होती. त्याची नाही.” तो म्हणाला, “कोणाची?” मी म्हणालो, “तुला नाही कळायचं,” आणि फोन ठेवला. फार बरं वाटलं. हे तिसरं बरं.

रविवारी उपासनेआधी पाळकसाहेबांना गाठलं. भला माणूस. घाबरला. “हळूहळू सांगू या. एकदम सांगितलं तर लोकांचा विश्वास डळमळेल.”

“साहेब, माझ्या कोकिळावर उभा असेल तर डळमळू दे.”

मी उभा राहिलो. बायको मावशींना घेऊन मागच्या बाकावर बसली होती. मी म्हणालो, माझा कान बरा झालेला नाही. कल्याणलाही झाला नव्हता. मला ऐकू आलं नाही म्हणून मी बरं म्हणालो आणि टाळ्या ऐकू आल्या म्हणून पुढचं बोललो. मागून कोणीतरी फिसकन हसलं. बाकी शांतता. उजव्या कानालासुद्धा काही ऐकू येईना.

आयोजक उठला. गोड आवाजात म्हणाला, “बंधू, असं होतं. विश्वास कमी पडला की आलेलं आरोग्य परत जातं.”

मी तोंड उघडलं होतं, पण काठी आधी वाजली. मावशी उभ्या होत्या.

“कोणाचा रे कमी पडला?”

“मावशी, तुम्ही बसा. तुम्हाला त्रास...”

“तू माझ्या वर्गात होतास. फेफरं येणाऱ्या मुलाची गोष्ट सांग.”

“आता? मावशी...”

“सांग. बाप मुलाला आधी कोणाकडे घेऊन गेला?”

“शिष्यांकडे.”

“त्यांना जमलं?”

“नाही.”

“मग विश्वास कमी म्हणून प्रभू कोणाला बोलला? त्या मुलाला?”

आयोजक पन्नाशीचा आहे, पण त्या क्षणी अर्ध्या चड्डीत होता. “शिष्यांना,” म्हणाला.

“बरं करायला निघालेल्यांना बोलला. लोळत पडलेल्याला नाही. एकोणीस वर्षं मी तुमच्यासारख्यांचं ऐकून घेतलं. माझी बोटं कापली तेव्हाही भेटायला येऊन हेच सांगून गेलात. माझा विश्वास काय त्या बोटांत होता?”

आणि त्या बसल्या. पुढचं गीत पाळकसाहेबांनी घाईनं सुरू केलं, तेही चुकीच्या पट्टीत.

मला आता दोन्हीकडून विचारतात. मंडळीतले विचारतात, म्हणजे तुम्ही चमत्कार मानत नाही का? कारखान्यातले विचारतात, अजून मानतोस? मानतो. हट्टानं मानतो. महारोग्याला लोक दगड मारून लांब ठेवायचे, त्याला येशूनं हात लावला. बारा वर्षं रक्त जाणाऱ्या बाईला भर गर्दीत ‘मुली’ अशी हाक मारली. त्यांची शरीरं बरी झाली हेही मानतो, पण नुसती शरीरंच बरी झाली असती तर पुढं कधीतरी ती मेलीच ना? जे वगळले होते त्यांना पंगतीत आणून बसवलं, ते मेलं नाही. तेवढं आजही कोणीही करू शकतो आणि आम्ही तेवढंच करत नाही. उलट आजाऱ्याला म्हणतो, तुझ्यात काहीतरी कमी आहे. हे बोलणाऱ्यानं माझ्यासमोर बोलून बघावं. डावीकडून बोलला तरी त्याच्या तोंडावरून मी ओळखीन. आणि हो, कानासाठी मी अजून प्रार्थना करतो. मशीनसुद्धा घेतलंय. देवाला त्यात कमीपणा वाटत असेल तर त्यानं मला सांगावं, आता ऐकू येईल.

त्या रविवारी उपासना संपल्यावर आम्ही मावशींना पाळकसाहेबांच्या खोलीत बसवलं. मी त्यांच्यासमोर उभा, हात बांधून.

“म्हणजे तुला काहीच मिळालं नव्हतं,” मावशी म्हणाल्या.

“काहीच नाही.”

“अजिबात?”

“पंखा. तोसुद्धा या उजव्या कानानं.”

मावशींनी डोळे पुसले. रडत होत्या की हसत होत्या ते मला अजून ठरवता आलेलं नाही. मग त्यांनी पिशवीतून स्टीलचा डबा काढला. त्यात इन्सुलिनचं पेन होतं, साखर तपासायचं यंत्र होतं. सगळं बरोबर घेऊन आल्या होत्या. बायकोनं त्यांच्या बोटातून थेंब काढला. यंत्रावरचा आकडा बघून तिनं लगेच त्यांच्या डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर आधी फोनवर ओरडले, मग किती घ्यायचं ते सांगितलं आणि संध्याकाळच्या आत दवाखान्यात आणा म्हणाले.

मावशींनी पेनकडे हात नेला. मला वाटलं, एवढं सगळं आपल्यामुळे झालं, निदान शेवट तरी आपण नीट करावा. “मावशी, मी देतो,” म्हणालो आणि पेन उचललं. टोपण निघेना. जोर लावला तर निघालं आणि टेबलाखाली गेलं. वाकून शोधताना माझा अंगठा कुठंतरी दाबला गेला आणि पाळकसाहेबांच्या प्रवचनाच्या कागदावर दोन थेंब पडले. मी उठून पेनचं टोक त्यांच्या दंडावर धरलं, तर बायको किंचाळली की उलटं धरलंय.

मावशींनी माझ्या हातातून पेन काढून घेतलं. “दे इकडे, मेल्या. तुझ्या हातून टोचून घ्यायचं तर मग मात्र मला चमत्कारच लागेल.”