गावची जागा, शहरची पोर

"तुझं घर कुठं आहे? चल, दाखव मला," असं म्हणून मी त्या मुलाला वर्गाबाहेर काढलं. मुख्याध्यापक मागे यायला लागले, त्यांना तिथेच बसवलं. माझा पारा चढलेला होता. मुलगा धुळ्यातल्या एका बड्या वकिलाचा, आणि नाव या खेड्यातल्या शाळेत. नाव इथे लावून पोरगा धुळ्यातच शिकतोय, अशी माझी खात्री होती.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीची ही गोष्ट. मी पंचायत समितीत शिक्षण विस्तार अधिकारी होते, म्हणजे तालुक्यातल्या शाळा तपासत एसटीने फिरणारी बाई. जिल्ह्यात सरकारी निवासी शाळा निघाली होती. सहावीला परीक्षा घेऊन प्रवेश. राहणं, जेवण, पुस्तकं सगळं फुकट. बहुतेक जागा ग्रामीण मुलांना. ग्रामीण म्हणजे तिसरी, चौथी, पाचवी खेड्यातल्या शाळेत काढलेला. वकिलाच्या मुलाला त्यातली जागा मिळाली आणि धुळ्याच्या मार्केट यार्डातल्या एका हमालाने तक्रार केली. त्याच्या मुलीला जास्त मार्क होते. पण ती नगरपालिकेच्या शाळेतली, म्हणून शहरी. शहराच्या मोजक्या जागा तिच्याही वरच्या मुलांनी भरल्या होत्या.

गल्लीत शिरलो तशी कुत्री माझ्यावर धावली. पोराने नुसतं "हाड" केलं, ती गप्प बसली. तिथेच माझी खात्री डळमळली. घर त्याच्या मामांचं. दोरीवर त्याचे कपडे, कोनाड्यात त्याची पुस्तकं. शेजारची अक्का ओट्यावर धान्य पाखडत होती. तिला विचारलं, हा इथे कधी येतो?

"येस कसाले? आठेच ऱ्हास तो. तिसरीपासून शे," ती म्हणाली. म्हणजे पोरगा तिसरीपासून खरंच इथे राहत होता.

संध्याकाळी वकीलसाहेब ऑफिसात हजर. "मॅडम, नियम वाचूनच मुलाला मेहुण्याकडे ठेवला. वाचायला बंदी आहे का?"

"नियम गावातल्या गरिबांसाठी आहे, वकीलसाहेब."

"गरीब हा शब्द त्यात दाखवा मला. शिवाय तो परीक्षा पास झालाय. मेरिट आहे त्याच्याकडे."

दाखवणार काय, नव्हताच तो शब्द. माझा नुसता जळफळाट झाला.

दुसऱ्या दिवशी हमालभाऊंना बोलावून सगळं सांगितलं. गावाचं नाव ऐकून ते खुर्चीच्या टोकाशी सरकले.

"ते तर आमचंच गाव शे, मॅडम. तिसरीपर्यंत माझी थोरली पोर त्याच शाळेत होती."

"मग धुळ्याला का आणलीत?"

"तिच्यासाठीच तर आलो. मास्तर म्हणाले, पोर हुशार शे, शहरात शिकव. गाव सोडलं, पाठीवर पोती घेतली. पत्र्याच्या खोलीत राहतो आम्ही. आणि ती शहरी?"

मला राग येत होता, पण तो काढायचा कुणावर? मामाकडे राहणाऱ्या त्या पोरावर? आपली पोर शिकावी म्हणून हा माणूस गाव सोडून आला होता, त्यातच तिची जागा गेली होती.

मी अहवाल लिहिला. मुलगा खरोखर गावात राहतो, नियम पाळला आहे. खाली त्या मुलीबद्दल एक परिच्छेद घातला. आमच्या ऑफिसातल्या साहेबांनी तो वाचून पेन्सिलने रेघ मारली.

"बाई, चौकशी मुलाची होती."

"पण अन्याय मुलीवर झालाय, साहेब."

"झाला असेल. नियम तुम्ही-आम्ही करत नाही. परिच्छेद काढा."

मी काढला नाही, तसाच वर पाठवला. वरून काही उत्तर आलं नाही. मुलगा निवासी शाळेत गेला, मुलगी नगरपालिकेच्या शाळेत सहावीला बसली. माझा मात्र कामात जीव लागेना. मार्केट यार्डावरून जायचं मी टाळायला लागले.

चौकशीत नियम पाळला का, एवढंच विचारतात. तो कुणाला आधी कळला, हे कुणी विचारत नाही, हे मी या नोकरीत शिकले.

जूनमध्ये शाळा उघडल्यावर हमालभाऊ पुन्हा ऑफिसात आले. या वेळी तक्रार नव्हती, चेहऱ्यावर जरा समाधानच होतं.

"धाकलीले गावले ठेवी उनू, मॅडम. भाऊकडे. औंदा तिसरीत गयी."

"धाकटीला गावी ठेवून आलात? राहते का ती आईशिवाय?"

"रडस. मायबी रडस." मग टेबलावर वाकून त्यांनी विचारलं, "पन आते बरोबर शे ना?"

मी म्हणाले, "हो. नियमात बसतं."