माऊस आपोआप फिरतो, अशी तक्रार

ती तक्रार मला आजही तिच्या शब्दांसकट आठवते. हैदराबादच्या सायबर क्राईम ठाण्यात मी तेव्हा इन्स्पेक्टर होतो. सकाळची हजेरी आटोपून तपासाची कामं वाटून देत होतो, तेवढ्यात बाहेरच्या टेबलाकडून हसण्याचा आवाज आला. पाठोपाठ हवालदार आत आला.

"सार, एक अम्मा आल्यात. म्हणतात, घरच्या कॉम्प्युटरचा माऊस आपोआप फिरतो. रिपेअरवाल्याकडे जा म्हटलं, तर ऐकत नाहीत."

मी त्यांना आत बोलावलं. पन्नाशी ओलांडलेल्या, काचीगुड्यात राहणाऱ्या मराठी बाई. मी मराठीत बोलू लागलो तशा त्या खुर्चीत नीट टेकून बसल्या. पतीच्या मागे त्यांनी पापड, मेतकूट, चटण्यांचा घरगुती धंदा उभा केला होता. तीन बायका हाताखाली होत्या. ऑर्डरी, बिलं, बँक, सगळा कारभार घरातल्या एका कॉम्प्युटरवर चाले.

"तुमचे लोक हसले, हसू द्या," त्या म्हणाल्या. "पण साहेब, मी डोळ्यांनी बघितलंय. मी पीठ मळत होते. हात भरलेले, कॉम्प्युटर समोर चालू. तो बाण आपोआप हलला. बँकेचं पान उघडलं, माझ्या खात्यावर थांबला आणि पान बंद करून गेला. गिऱ्हाईक दुकानात येऊन नुसता भाव विचारून जातं ना, तसा."

"पैसे गेलेत का?"

"एक पैसाही गेला नाही. म्हणूनच आले. गेल्यावर येऊन काय करू?"

हे वाक्य ऐकून मी हातातलं पेन खाली ठेवलं. माझ्याकडे येणारा प्रत्येक माणूस चोरी झाल्यावर यायचा, बहुतेक वेळा उशिरा. चोर अजून घरात आहे आणि त्याने काही उचललेलं नाही, असं सांगत आलेली ही पहिलीच तक्रारदार.

त्या खात्यात काय आहे, ते त्यांनी सांगितलं. परभणीकडच्या माहेरच्या शेतातला त्यांचा हिस्सा नुकताच विकला होता. ज्या तळमजल्यावर त्यांचं काम चालायचं, ती जागा मालक विकायला निघाला होता. घ्या नाहीतर खाली करा, असं त्याने सांगून टाकलं होतं. रजिस्ट्री व्हायची होती, तोवर रक्कम खात्यात पडून होती. ती गेली असती तर जागाही गेली असती आणि चार घरांचं पोटही.

मी आमच्या पथकातल्या महिला कॉन्स्टेबलला त्यांच्या घरी पाठवलं. ही तेलुगू मुलगी कॉम्प्युटरच्या कामात तरबेज होती आणि बोलायची कमी. तासाभरात तिचा फोन आला. कॉम्प्युटरमध्ये दुसरीकडून बसून तो चालवता येईल असं एक ॲप होतं. गैरवापर झाला नाही तर ते कामाचं ॲप, दुरुस्तीवाले सर्रास वापरतात. बाईंनी बँकेचा पासवर्ड दर वेळी टाकायचा कंटाळा म्हणून कॉम्प्युटरलाच लक्षात ठेवायला सांगितला होता. म्हणजे आत शिरलेल्याला तिजोरीची किल्ली कुलपातच लावलेली मिळाली होती.

"काढून टाकू का, सार?"

"हात लावू नकोस," मी म्हणालो. "त्याला कळेल."

आता खरी घाई सुरू झाली. गुन्हा नोंदवला. बँकेच्या मॅनेजरला भेटून त्या खात्याची व्यवस्था केली. रक्कम पडद्यावर दिसत राहील, पण बाहेर एक रुपयाही जाणार नाही. ॲपच्या नोंदीवरून त्या माणसाचं इंटरनेट कुठून येतं, ते शोधायला इंटरनेट कंपनीला पत्र गेलं. आणि बाईंचा कॉम्प्युटर नेहमी जो बघायचा, त्या दुरुस्तीवाल्याला मी ठाण्यात बोलावून घेतलं.

तिशीतला माणूस, काचीगुडा स्टेशनजवळ छोटं दुकान. घामाने शर्ट भिजलेला. माझा अनुभव असा की सराईत चोर ठाण्यात बसला की पाणी मागतो, इकडेतिकडे बघतो, चौकशीचा अंदाज घेतो. हा माझ्याकडेच बघत राहिला.

"साब, ॲप मैंच डाला," तो म्हणाला. "पन चोरी नक्को बोलो. प्रिंटर बिगड़ता, अम्मा फोन करते. हर बार कां जातूं मैं? दुकान में बैठको ठीक कर देतूं."

"पासवर्ड काय ठेवलाय?"

त्याने सांगितला. त्याच्याच दुकानाचं नाव.

"बाकी गिऱ्हाइकांकडे?"

त्याने रुमाल काढून मान पुसली. मी प्रश्न पुन्हा विचारला.

"सब के पास वहीच है, साब."

खोलीतले आम्ही सगळेच एकमेकांकडे बघू लागलो. प्रकरण एका घराचं राहिलं नव्हतं. काचीगुडा, नारायणगुडा, जिथे जिथे या माणसाने कॉम्प्युटर दुरुस्त केला होता, त्या सगळ्या घरांचं मागचं दार एकाच किल्लीने उघडत होतं. आणि ती किल्ली कोणाकोणाला माहीत होती? दुकानात आजवर येऊन-जाऊन काम केलेल्या प्रत्येकाला. त्यातला कोण, हे त्याला सांगता येईना. त्याच्यावर विश्वास ठेवावा असं मला वाटलं, पण तरी प्रकरण संपेपर्यंत त्याचा फोन आमच्याकडे ठेवला.

इंटरनेट कंपनीचं उत्तर आलं. पत्ता मलकपेठचा, पुरुषांच्या एका हॉस्टेलचा. कनेक्शन एक, वापरणारे सगळे. एकदम छापा घातला असता तर चोराने क्षणात सगळं पुसून टाकलं असतं आणि आमच्या हाती नुसत्या खोल्या लागल्या असत्या. त्याला काम करतानाच धरायला हवं होतं.

एक गोष्ट आमच्या बाजूने होती. पैसे नव्या खात्यात वळवायचे तर बँक बाईंच्या मोबाइलवर ओटीपी पाठवणार, आणि तो मोबाइल त्यांच्या हातात होता. म्हणजे चोराला त्यांना फोन करावाच लागणार होता. मी बाईंना हे समजावून सांगितलं आणि विचारलं, "बोलाल त्याच्याशी? जमेल तेवढा वेळ बोलत राहायचं."

"साहेब, मी बेगम बाजारात मसाल्याचा भाव करते," त्या म्हणाल्या. "बोलण्याचं तुम्ही माझ्यावर सोडा."

कॉन्स्टेबल साध्या कपड्यांत पापड लाटणाऱ्या बायकांत जाऊन बसली. मी दोन जणांना घेऊन मलकपेठला, हॉस्टेलसमोरच्या इराणी हॉटेलात. चहावर चहा झाले. पहिला दिवस फुकट गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी माझा फोन वाजला. कॉन्स्टेबल कुजबुजली, "सार, कॉल आलाय." तिने तिचा फोन बाईंच्या फोनशेजारी ठेवला. दोघांचं बोलणं माझ्या कानात येऊ लागलं.

आवाज गोड होता, हिंदी स्वच्छ. मराठीत सांगायचं तर तो म्हणत होता, "मॅडम, बँकेतून बोलतोय. आपलं परवाचं बिल अमुक दुकानाला गेलंय, बरोबर? आपल्या खात्यात शेताची रक्कम जमा झालीय, बरोबर? आपल्या खात्यात कुणीतरी घुसायचा प्रयत्न करतंय. तो थांबवायला एक नंबर येईल, तेवढा सांगा."

सगळी माहिती बिनचूक होती. कित्येक दिवस तो त्यांचा पडदाच बघत होता. इतकं सगळं जाणणारा माणूस बँकेचाच असणार, असं कुणालाही वाटलं असतं. मी हॉस्टेलचा जिना चढू लागलो.

"हौ बेटा," बाई म्हणत होत्या, "रुक जरा. चष्मा नईं दिख रहा मेरा."

पहिला मजला. दारं बंद, बहुतेक मुलं कामावर गेलेली. मी एकेका दाराशी थांबत होतो. एका खोलीत टीव्ही, एकीत कुणी घोरत होतं. कानात बाई चष्मा शोधत होत्या, मग भाजी करपतेय म्हणून उठल्या, परत आल्या.

"आया नंबर?" त्याने विचारलं.

"आया ना. लिख लेव." त्यांनी आकडे वाचले. शेवटचा मुद्दाम चुकवला.

"मॅडम, गलत बता रहा."

"गलत कैसा? फिर से भेजो."

दुसऱ्या मजल्यावर, कोपऱ्याच्या दाराशी मी थबकलो. "गलत बता रहा, मॅडम, दुबारा भेजता हूं," असं आतून ऐकू आलं, आणि तेच शब्द क्षणभराने माझ्या कानातल्या फोनमध्ये आले. आधी दारातून, मग फोनमधून. मी आणखी एका वाक्याची वाट पाहिली. पुन्हा तसंच झालं. मी कानातला फोन काढून खिशात टाकला. मागच्या दोघांना खूण केली. दाराला आतून कडी लावलेली नव्हती.

पलंगावर मांडी घालून एक तरुण बसला होता. इस्त्रीचा शर्ट, मांडीवर लॅपटॉप, कानाशी फोन. आम्ही आत शिरलो तरी त्याने आमच्याकडे नीट बघितलंही नाही. खोलीतलाच कुणी आला असावा असं वाटून त्याने तोंडावर बोट ठेवलं, गप्प राहा म्हणून. मी तसाच गप्प राहून त्याच्या मांडीवरचा लॅपटॉप उचलला. पडद्यावर काचीगुड्याच्या बाईंच्या कॉम्प्युटरचं चित्र होतं, पैसे पाठवायचं पान उघडलेलं. मग त्याने वर बघितलं. त्याच्या हातातल्या फोनमधून बाईंचा आवाज येतच होता, "हां बेटा, आया दूसरा नंबर. लिख रहा ना?"

मी फोन घेतला. "ताई, झालं. आता ठेवा."

"धरला?"

"धरला."

"बस म्हणावं आता नंबर लिहीत," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. पंचांसमोर लॅपटॉप, फोन, सिमकार्डं जप्त करताना माझी माणसं राहून राहून हसत होती. इतकी सरळ हाताला लागलेली केस मी क्वचितच बघितली असेल.

तो त्या दुरुस्तीच्या दुकानात पूर्वी काम केलेल्यांपैकीच एक निघाला. पोलीस कोठडीत पहिले काही तास त्याने वकील, तब्येत, वडिलांची ओळख, असं सगळं करून पाहिलं. मी आवाज चढवला नाही. त्याच्याच लॅपटॉपवरचं एकेक घर त्याला दाखवत गेलो. नारायणगुड्याच्या एका घरापाशी तो, फोनवरची स्वच्छ हिंदी सोडून, म्हणाला, "साब, वो तो हो गया."

"काय झालं?"

"वकील साब का. उनका पैसा गया. पन वो कंप्लेंट नईं करते, साब. बड़े घर के लोगां कब्बी नईं करते. शरमाते."

त्याने हे अगदी सहज सांगितलं, धंद्यातली युक्ती सांगावी तसं. माझा विजयाचा ताव तिथेच उतरला.

मी स्वतः नारायणगुड्याला गेलो. जुनं मराठी घराणं, पिढ्यान् पिढ्या सरकारी नोकरी आणि वकिली. वकीलसाहेब निवृत्त, उंच, ताठ बसणारे. पत्नी चहा करायला आत गेल्यावर मी विषय काढला. ते पटकन म्हणाले, "तुमची काहीतरी चूक होतेय. आमच्याकडे असं काही झालेलं नाही." मी पकडलेल्या माणसाबद्दल सांगितलं. तेव्हा त्यांनी खाली बघितलं आणि हलक्या आवाजात म्हणाले, "हळू बोला. हिला माहीत नाही. लोकांना कायदा शिकवण्यात आयुष्य गेलं माझं. फोनवर कुणी विचारलं आणि मी नंबर सांगून टाकला, हे कुठल्या तोंडाने सांगू?"

त्यांच्या पत्नी चहाचा ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी ट्रे टेबलावर ठेवला आणि नवऱ्यासमोर बसल्या.

"एवढंच होतं?" त्या म्हणाल्या. "तुम्ही जेवत नाही, झोपत नाही, फोन वाजला की दचकता. मला वाटलं, डॉक्टरांनी काहीतरी वाईट सांगितलंय आणि तुम्ही लपवताय. मी रोज तुमच्या कपाटात रिपोर्ट शोधत होते हो."

वकीलसाहेबांनी डोळ्यांवरचा चष्मा काढला. पत्नीने चहाचा कप त्यांच्यापुढे सरकवला. मग त्यांनीच मला विचारलं, "जबाब इथेच घेता की ठाण्यात येऊ?"

ते ठाण्यात आले, पत्नीला बरोबर घेऊन. त्यांच्या जबाबाने खटला भक्कम झाला. मात्र त्यांची रक्कम खात्या-खात्यांतून फिरून काढली गेली होती, थोडीच परत मिळाली. त्यांनी त्याच दिवशी सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला कळवलं असतं तर बरीचशी अडवता आली असती. काचीगुड्याच्या बाईंची रजिस्ट्री ठरल्याप्रमाणे झाली. दुरुस्तीवाल्याने आमच्या कॉन्स्टेबलबरोबर घरोघर फिरून ते ॲप काढलं आणि प्रत्येकाची माफी मागितली. काहींनी त्याला पुन्हा दारात उभं केलं नाही.

निवृत्त झाल्यावर मला शाळांत, हाउसिंग सोसायट्यांत, महाराष्ट्र मंडळांत बोलायला बोलावतात. जे सांगायला हवं ते मी सांगतो. कॉम्प्युटरमध्ये दुरुस्तीवाल्याने काय टाकलं ते विचारून घ्या, काम झालं की काढायला लावा. बँकेचा पासवर्ड कॉम्प्युटरच्या हवाली करू नका. काम संपलं की कॉम्प्युटर बंद करा. फोन करणाऱ्याला तुमची कितीही माहिती असो, ओटीपी सांगू नका, फोन ठेवून बँकेच्या नंबरवर स्वतः लावा. लोक लिहून घेतात.

पण त्या दोन घरांनी मला शिकवलं की चोर आपला पासवर्ड जितका ओळखून असतो, तितकाच आपला स्वभावही. काचीगुड्याच्या बाई लोक हसतील म्हणून थांबल्या नाहीत आणि वाचल्या. नारायणगुड्याचे वकीलसाहेब लोक हसतील म्हणून गप्प राहिले, आणि पैशांबरोबर घरातली झोपही गमावून बसले. म्हणून भाषण सुरू करायच्या आधी मी समोरच्या माणसांना एकच प्रश्न विचारतो. उद्या तुम्ही फसलात, तर घरात पहिल्यांदा कुणाला सांगाल?

बहुतेक जण शेजारी बसलेल्या माणसाकडे बघतात. काही जण खाली बघतात. त्यांच्यासाठी मी भाषण थोडं लांबवतो, आणि चहाच्या वेळी त्यांच्याजवळ जाऊन उभा राहतो.