मावसाजींची स्पॅनिश रांग

काळजी करण्याच्या बाबतीत आमच्या मावसाजींचा हात धरील असा माणूस उमरखेडपासून राळेगावपर्यंत हुडकूनही सापडला नसता. साधी माणसं स्वतःच्या घराची काळजी करतात, जरा भली असतील तर शेजाऱ्याचीही करतात. मावसाजी होऊन गेलेल्या शतकांची काळजी करत, तीही स्पेनच्या. गॅसचं बटण तीनदा तपासणं, एसटी सुटण्याच्या दीड तास आधी स्टँडवर जाऊन बसणं, भर मे महिन्यात छत्री घेऊन निघणं, हे सगळं किरकोळीत जमा. खरी काळजी सुरू व्हायची ती पुस्तक उघडल्यावर. एकदा सकाळी मी त्यांच्याकडे गेलो तर ते चहाचा कप समोर ठेवून सुन्न बसले होते. मावशीनं काय झालं म्हणून विचारलं. ते म्हणाले, "काही खरं नाही आता. अरब उतरले." मावशी कणीक मळता मळता म्हणाली, "किती जण हायेत? पोहे टाकू काय?" तिनं हा टोमणा मारला नव्हता. त्यांच्यासोबत तीस वर्षं काढल्यावर, घरी कोण कधी उतरेल याचा विचार करणंच तिनं सोडून दिलं होतं. अरब आठव्या शतकात उतरले होते आणि मावसाजी त्या दिवशी धड जेवले नाहीत.

मावसाजी मूळचे कापसाचे ग्रेडर. राळेगावकडच्या एका कापूस खरेदी केंद्रावर त्यांची सारी नोकरी गेली. गाडीतल्या ढिगात कोपरापर्यंत हात घालून आतला मूठभर कापूस काढायचा, दोन्ही हातांच्या चिमटीत धरून हलकेच ओढायचा, आणि धागा किती लांब, ओल किती, कचरा किती हे बघून त्याची प्रत ठरवायची, हे त्यांचं काम. वरवरचा कापूस पाहून त्यांनी कधी प्रत लावली नाही. ही चिमटी निवृत्तीनंतरही सुटली नाही. लग्नात आहेराची साडी ओढून बघायचे, ताटातली भाकरी ओढून बघायचे. समोर कुणी बोलत असलं की त्यांचा अंगठा आणि तर्जनी आपोआप एकमेकांवर घासू लागत. मी ज्युनिअर कॉलेजात मराठीचा मास्तर म्हणून लागलो तेव्हा वडिलांनी मला त्यांच्या पाया पडायला नेलं. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि वडिलांना म्हणाले, "मध्यम धागा आहे. पण ओल नाही." वडिलांना ते फारसं रुचलं नाही. मला मात्र याहून चांगलं प्रशस्तिपत्र अजून कुणी दिलेलं नाही.

केंद्रावर त्यांचा एकच कायदा होता: नंबर तोडायचा नाही. जी गाडी आधी लागली, तिचा काटा आधी. एका पुढाऱ्याची ट्रॉली त्यांनी एकदा रांगेच्या शेपटाला पाठवली होती. त्यानंतर महिनाभर बदलीच्या धास्तीनं त्यांच्या डोळ्याला डोळा लागला नाही, पण ट्रॉली शेपटालाच राहिली. पुढं कापसाचे वाईट दिवस आले. केंद्र उशिरा उघडायचं, लवकर मिटायचं, कधी बारदाना नाही, कधी जागा नाही. अशाच एका हंगामात खरेदी थांबवल्याचा निरोप वरून आला. फाटकाबाहेर सडकेपर्यंत बैलगाड्या लागलेल्या. माणसं तीन दिवसांपासून तिथंच तीन दगडांची चूल मांडून रांधत होती. त्यांना निरोप सांगायचं काम मावसाजींच्या वाट्याला आलं. ते फाटकावर गेले खरे, पण 'बंद' हा शब्द तोंडातून निघेना. "उद्या या," एवढंच म्हणाले. उद्या उघडेल असं त्यांना स्वतःलाही वाटत होतं. दुसऱ्या दिवशी फाटक उघडलं नाही, त्या हंगामात पुन्हा उघडलंच नाही. हे मला मावशीनं सांगितलं. मावसाजी त्या दिवसाबद्दल चकार शब्द काढत नसत.

निवृत्त झाल्यावर त्यांनी सगळ्यात आधी पेपर बंद केला, कारण पहिल्या पानावर रोज कापूस असायचा. कापूस येणार नाही असं काहीतरी वाचायला हवं म्हणून ते यवतमाळात एका रद्दीच्या दुकानात जाऊन बसू लागले. तिथं त्यांना एक जाडजूड इंग्रजी पुस्तक सापडलं. कव्हर गेलेलं, लेखकाचं नाव गेलेलं, विषय मात्र शाबूत: स्पॅनिश भाषा आणि तिचं साहित्य, आरंभापासून आजपर्यंत. स्पेनइतका लांबचा देश त्यांना बिनधोक वाटला. पण पुढं वाचता वाचता त्यांना कळलं की कापूस आणि त्याचं नाव, दोन्ही त्या देशात अरबांनी नेलं, आणि तिथले लोक कापसाला अजून त्याच अरबी नावानं ओळखतात. मावसाजींनी पुस्तक मिटून कपाटावर टाकलं. दोन दिवसांनी स्टूल लावून पुन्हा खाली काढलं. "कुठंही गेलं तरी हा मागं येतेच," एवढं म्हणाले आणि पुढं वाचू लागले.

मग नागपुरातून शब्दकोश आला. सहा-सात वर्षांत ते अडखळत का होईना स्पॅनिश वाचू लागले, आणि जुन्या छापील फॉर्मांच्या कोऱ्या पाठीवर त्या भाषेचा आणि साहित्याचा मराठी इतिहास लिहू लागले. प्रत्येक शतकाला अर्थातच प्रत लावलेली. रोमन सैनिकांनी तिकडे नेलेल्या ओबडधोबड लॅटिनबद्दल त्यांचा शेरा होता, "कचरा फार, सरकी दमदार." लॅटिन पोथ्यांच्या समासात कुण्या साधूंनी लोकांच्या बोलीत शब्दांचे अर्थ खरडून ठेवले होते आणि त्या भाषेतलं अगदी सुरुवातीचं लिखाण म्हणजे हेच, हे वाचून त्यांना भरून आलं. समासात लिहिणारा माणूस भित्राच असणार, असं त्यांचं ठाम मत होतं. सुवर्णयुगातल्या नाटकांना आणि कवितांना त्यांनी एकदम वरची प्रत दिली, आणि तिथूनच नवी काळजी लागली. सुवर्णयुग आता संपणार, म्हणून त्यांनी पुढचं पान महिनाभर उलटलं नाही. मी म्हटलं, मावसाजी, ते संपून तीनशे वर्षं झाली. ते म्हणाले, "तुले काय जाते सांगाले."

अशात यवतमाळातल्याच एका वाचनालयाच्या चिटणिसांनी त्यांना व्याख्यान द्यायला बोलावलं. संध्याकाळी पाच ते सहा, विषय त्यांचाच. कुणीच आलं नाही तर, या काळजीत त्यांचे पहिले चार दिवस गेले, आणि लोक आले तर, या काळजीत पुढचे चार. मी हातात घड्याळ धरून तालीम घेतली. एकट्या रोमन सैनिकांना चाळीस मिनिटं लागली. मी मास्तरकी दाखवत सुचवलं की सैनिक गाळा, अरब गाळा, सरळ सुवर्णयुगापासून सुरू करा, लोकांना तेच आवडेल. मावसाजी कागद जुळवत होते. त्यांचा हात थांबला.

"मंग आधीचे जे उभे आहेत त्यायले काय सांगू?" ते म्हणाले. "उद्या या म्हणू?"

त्यानंतर मी घड्याळ खिशात घातलं.

व्याख्यानाच्या दिवशी बाजार होता. चिटणिसांनी दारातल्या फळ्यावर मोठ्या सुबक अक्षरात लिहिलं, 'कापूस खरेदी केंद्राचे माजी ग्रेडर यांचे व्याख्यान.' एवढ्यानंच फळा भरला, आणि विषय खालच्या कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरात गेला. बाजाराला आलेल्या कापूसवाल्यांनी वरची ओळ वाचली, एकानं दुसऱ्याला सांगितलं, आणि केंद्र पुन्हा सुरू होण्याची खबर मिळणार अशा समजुतीनं वीस-बावीस माणसं पिशव्या, कोयते, बियाण्याच्या थैल्या घेऊन हॉलमध्ये येऊन बसली. मावसाजींनी दारातून आत पाहिलं आणि माझं मनगट घट्ट धरलं. "हे लोक राळेगावकडचे आहेत," ते कुजबुजले. मी म्हटलं, ताप आलाय म्हणून सांगतो. खरं तर मीच घाबरलो होतो. कुणी उठून त्या फाटकाबद्दल विचारलं तर या माणसाचं काय होईल, याचा मला अंदाज येईना. पण ते माझा हात सोडून आत गेले.

केंद्राबद्दल आपल्याला काही माहिती नाही, आपण एका परक्या भाषेबद्दल बोलणार आहोत, हे त्यांनी आधीच सांगून टाकलं. सहा-सात जण उठून गेले. बाकीच्यांच्या गाडीला वेळ होता आणि डोक्यावर पंखा होता, म्हणून ते बसले. मावसाजी सुरू झाले. रोमन सैनिक आले, तिथंच जमिनी कसून राहिले, त्यांची लॅटिन पोराबाळांच्या तोंडी पडून पातळ झाली. उत्तरेकडून गॉथांच्या टोळ्या आल्या. मग अरब आले, येताना भात आणला, ऊस आणला, पाट काढून बागा भिजवल्या. पाटाचं पाणी आल्यावर मागचे दोघं पुढं सरकून बसले. समासातला साधू आला, वीरांचे पोवाडे आले, आणि पंडितांची पुस्तकं लोकांच्या भाषेत करवून घेणारा तेराव्या शतकातला राजा नुकताच गादीवर बसला, तेवढ्यात चिटणिसांनी घड्याळाकडे बोट दाखवलं. सहा वाजले होते. हॉल पुढं एका बैठकीला दिलेला होता.

मावसाजी बोलायचे थांबले. टेबलावर अजून सात शतकांचे कागद पडले होते. त्यांनी कागदांकडे पाहिलं, समोरच्या माणसांकडे पाहिलं, आणि त्यांची चिमटी हवेतच काहीतरी ओढू लागली. त्यांना फक्त आभार मानून व्याख्यान संपवायचं होतं. तेवढं त्यांच्याच्यानं होईना. घाम कानामागून कॉलरमध्ये उतरत होता.

तिसऱ्या रांगेतले एक म्हातारे धोतर सावरत उभे राहिले.

"सायेब, त्या दिवशी फाटकात पयली गाडी माहीच होती," ते म्हणाले. "तुमी होऊ द्या. आमाले थांबाची सवय हाये."

त्यात राग किती आणि माया किती, हे मला आजही सांगता येणार नाही. मावसाजींना तरी कळलं असेल की नाही कोण जाणे. पण त्यांनी कागद उचलले. हॉल सोडावा लागला म्हणून आम्ही सगळे वाचनालयाच्या पायऱ्यांवर बसलो आणि चौदावं, पंधरावं शतक तिथं पार पडलं. जहाजं समुद्रापार गेली, भाषाही त्यांच्यासोबत गेली. राळेगावची शेवटची गाडी साडेसातची होती, आणि तिची काळजी त्या लोकांपेक्षा मावसाजींनाच जास्त. मग ते चालता चालता बोलू लागले. सुवर्णयुग बाजारातून गेलं. हातगाड्या आणि ऑटो चुकवत ते लफंग्यांच्या गोष्टी सांगत होते, नाटकं सांगत होते, आणि ती माणसं डोक्यावर ओझी घेऊन त्यांच्या दोन्ही बाजूंनी कान देऊन चालली होती. अठरावं आणि एकोणिसावं शतक स्टँडवर संपलं. विसाव्या शतकाला मात्र गाडी लागली. लोक आत जाऊन बसले आणि मावसाजी खिडकीखाली उभे राहून मान वर करून सांगत राहिले, भावाभावांतलं युद्ध, देशोधडीला लागलेले कवी, समुद्रापलीकडून उलट भरून आलेल्या कादंबऱ्या. ड्रायव्हरनं इंजिन सुरू केलं तेव्हा शेवटचा कागद संपला.

म्हाताऱ्यांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "त्यायच्यातलं कोनी राह्यलं तं नाई ना?"

"नाही," मावसाजी म्हणाले. "सारे झाले." मग ते खिडकीच्या दांडीला धरून म्हणाले, "तवा मी उद्या या म्हणलो होतो."

"म्हनले होते," म्हातारे म्हणाले. "आमी आलतो." कंडक्टरनं घंटी मारली. गाडी हलली तसे ते म्हणाले, "आज बी आलोच ना."

गाडी निघून गेल्यावर आम्ही घराकडे वळलो. मावसाजींची चिमटी चालता चालता हवेत काहीतरी ओढत होती. मला वाटलं, झालेल्या व्याख्यानाची काळजी करत असतील. ते म्हणाले, "त्याचा कापूस चांगला होता रे. मी आत हात घालून पाह्यला होता."

घर येईपर्यंत त्यांनी हे आणखी दोनदा सांगितलं. मी प्रत्येक वेळी हो म्हणत राहिलो.