दिलीप ऑटोच्या वहिनी

कोणी कार्ड पुढे केलं की वहिनी आधी साबणाने हात धुवायच्या. नुसते ओले करायच्या नाहीत. कोपरापर्यंत, नखं घासून. दिवसभर गाड्यांचे सेल्फ-स्टार्टर आणि डायनामो उघडून काळे झालेले ते हात! गिऱ्हाईक घाईत असलं तरी ताटकळत उभं राहायचं. "थांबा पावणं. नोट मळल्यालीच अस्ती. पर कार्डाव तुमचं नाव हाय. मानसाच्या नावाला असला हात लावायचा न्हाय."

कोल्हापूरजवळ उचगावला हायवेच्या कडेला त्यांचं दुकान होतं. पाटीवर 'दिलीप ऑटो इलेक्ट्रिकल्स'. दिलीपराव, म्हणजे त्यांचे मालक, जाऊन सात-आठ वर्षं झाली होती. ते होते तेव्हाही वाइंडिंग, म्हणजे कॉइलची जळकी तार काढून नवी भरायचं काम, वहिनीच करायच्या. दिलीपराव गिऱ्हाइकाशी गप्पा मारायचे आणि चहा सांगायचे. तरी साऱ्या गावाला त्या दिलीपच्या वैनी. त्यांचं नाव सुमन कांबळे आहे, हे मलासुद्धा फॉर्म भरताना कळलं.

तो फॉर्म कार्डाच्या मशीनचा. दोन हजार चार-पाचची गोष्ट. मी बँकेत होतो आणि दुकानांत ही मशीन बसवायचं काम माझ्या गळ्यात पडलं होतं. मोठमोठे दुकानदार मला दारातूनच वाटेला लावायचे. वहिनी मात्र स्वतः चालत बँकेत आल्या. "बेंगलोरची गाडी हितं बंद पडती. मालकाच्या खिशात पन्नास रुपयं आन् कार्ड. त्यो एटीएम हुडकत हिंडनार आन् मी त्याची गाडी धरून बसनार व्हय? बरं दिसतंय का ते?" मी खूश होऊन तिथल्या तिथे फॉर्म भरला. घाईघाईत भरला, हे पुढे महागात पडलं.

वहिनींची आणखी एक रीत होती. गाडीतून काढलेली जळकी कॉइल गिऱ्हाइकाच्या हातात दिल्याशिवाय त्या पैसे घ्यायच्या नाहीत. "जळल्यालं बगितल्याबिगर नव्याचं मोल कळत न्हाय." गिऱ्हाईक ती बघून तिथेच टाकून जायचं. बाकीचे वाइंडिंगवाले ते तांबं त्याच संध्याकाळी भंगारात घालत. वहिनी वर्षभर फळीवर ठेवायच्या. गाडीचा नंबर, मालकाचा फोन लिहिलेली चिठ्ठी आणि मशीन आल्यापासून गिऱ्हाइकाची सही असलेली पावती, सगळं त्याच कॉइलला तारेने बांधून. मी एकदा चेष्टेने म्हणालो, "वहिनी, संग्रहालयच झालंय हे, तिकीट लावा आता." त्या म्हणाल्या, "लावते की. पयलं तुमीच फाडा."

मग एक दिवस पुण्याहून तक्रार आली. कार्डाच्या हिशेबात सुमन कांबळे या नावावर पैसे गेलेत, अशा कोणाला मी ओळखत नाही, असं एका गृहस्थाने लेखी कळवलं होतं. आमच्या साहेबांनी फर्मान काढलं, मशीन उचलून आणा. मी खाली मान घालून वहिनींना ते सांगितलं. त्यांनी हातातली पक्कड खाली ठेवली. "न्हेताय तर न्ह्या. पर चोराघरनं न्हेल्यागत न्हेऊ देनार न्हाय."

त्यांनी फळीवरून तक्रारीतल्या तारखेची पावती बांधलेली कॉइल काढली, पिशवीत घातली, हात धुतले आणि माझ्या स्कूटरवर मागे बसल्या. बँकेत साहेबांच्या टेबलाच्या काचेवर त्यांनी कॉइल ठेवली तेव्हा काच काळी झाली. "ह्ये त्येंच्या गाडीतलं. ही सई त्येंची. ह्यो फोन त्येंचा. लावा."

साहेबांनी सर्वांना ऐकू येईल असा फोन लावला. पलीकडचा माणूस सज्जन निघाला. "सेल्फ? हो, केला होता ना, कोल्हापूरजवळ! फार चांगलं काम. पण ते दुकान दिलीप ऑटो. ह्या सुमन कांबळे कोण?"

मला तो घाईत भरलेला फॉर्म आठवला. दुकानाच्या नावाच्या रकान्यात मी खातेदाराचं नाव लिहिलं होतं. गिऱ्हाइकाने पाटी वाचली दिलीपची आणि महिन्याने कागदावर दिसली सुमन. "चूक माझी आहे, वहिनी," मी म्हणालो. मला मनापासून लाज वाटली. साहेब मात्र लगेच मोकळे झाले. "एवढंच ना? मशीनवर दिलीप ऑटो करून टाका."

मी नवा फॉर्म काढला. वहिनींनी त्यावर हात ठेवला.

"थांबा. मालकांचं नाव मी एवढी वर्सं लावलं, आनंदानं लावलं. पर कॉइल भरली मी. आन् चोरीचा आळ आला त्योबी माज्याच नावाव. आळ माज्या नावाव आन् पाटी दुसऱ्याच्या, ह्ये कुठलं? मशीन हाय तसं ऱ्हाऊ द्या. पाटी बदलती मी."

आठवड्यात पाटी बदलली. 'सुमन ऑटो इलेक्ट्रिकल्स', आणि खाली ठळक अक्षरांत, 'प्रो. सुमन कांबळे'. दिलीपरावांची जुनी पाटी त्यांनी टाकली नाही. आत, जिथे बसून त्या वाइंडिंग करायच्या, तिथे समोर लावली.

पुढे माझी बदली झाली. निरोप घ्यायला गेलो, तेव्हा त्या एका जीपच्या सेल्फमध्ये बुडालेल्या होत्या. सवयीने म्हणालो, "येतो, वहिनी."

"पाटी वाचाय येती न्हवं, सायेब?"

"येतो, सुमनताई," मी म्हणालो आणि नव्या शाखेचं माझं नाव-पत्ता छापलेलं कार्ड पुढे केलं.

त्यांनी ते घेतलं नाही. आधी साबण शोधायला आत गेल्या.