वैनगंगेच्या जोडडोंग्यातले मुरमुरे

मुलांनो, चंद्रपूरहून निघताना मी घराच्या सगळ्या खिडक्या लावून घेतल्या, कड्या पुन्हा एकदा तपासल्या आणि मगच दाराला कुलूप घातले. पावसाने झड धरली होती. मूलच्या बसमध्ये शेजारच्या बाईंनी माझी छत्री, माझी पिशवी आणि माझे वय, तिन्ही न्याहाळले.

"एवढ्या पान्यात कुठी चालल्या, बाई?"

"मार्कंड्याला. मुलीच्या नावेवर राहायला."

"नावेवर? काऊन, जावई घरात घेत नाई का?"

मागचे लोक हसले, मीही हसले. मूल गाव सोडल्यावर दोन्ही बाजूंना सागाचे जंगल लागले. या दिवसांत सागाला पांढरट मोहोर येतो आणि अख्खे झाड फेसाळल्यासारखे दिसते. मधल्या बांध्यांमधून, म्हणजे भातखाचरांमधून, रोवणी (भाताची लावणी) चालू होती. वाकलेल्या बायांच्या पाठीवर बांबू आणि पळसाच्या पानांची इरली होती. पाऊस पाठीवर कोसळत होता, तोंडे मोकळी होती आणि गप्पा चालू होत्या.

चामोर्शीहून जीपने मार्कंड्याला पोहोचले, तेव्हा दुपार झाली होती. देवळांचा भिजलेला दगड काळा पडला होता आणि पलीकडे वैनगंगा तांबडी, रुंद, घाईत होती. नदीच्या धारेपासून आत, नाल्याच्या शांत पाण्यात, तुमच्या रोहिणीआत्याची नाव बांधलेली होती.

इथले ढीवर (मासेमारी करणारे लोक) दोन डोंगे शेजारी शेजारी बांधतात, वर फळ्या टाकतात आणि त्यावरून मोटारसायकलसुद्धा नदीपार नेतात. त्याला जोडडोंगा म्हणतात. इंग्रजीत अशा नावेला कॅटमरान म्हणतात. तो शब्द मुळात तमिळ, अर्थ बांधलेली लाकडे. आयुष्यभर इंग्रजी शिकवले, पण अशी नाव पहिल्यांदा पाहिली ती पोटच्या मुलीने बांधलेली. दोन लांब पोटे, प्रत्येकात एक खोली, खोलीत दोन पाट्या (निजायचे फळीवजा बिछाने), मध्ये छपराखाली मोकळी जागा. मी उगाचच दोनदा तिच्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत चालले.

नाव कशासाठी, तेही सांगते. नाल्याला पूर आला की पलीकडची गावे तुटतात. दिवस भरत आलेल्या बायांनी आधीच अलीकडे, रस्त्याच्या बाजूला येऊन राहावे, म्हणजे वेळेला दवाखाना गाठता येईल, म्हणून ही नाव; पाणी चढले की तीही वर चढते. पण गावच्या महिला गटाने अजून होकार दिला नव्हता. होकार जयाबाईंच्या हातात होता. जयाबाई गटाच्या प्रमुख, गावातली अर्धी मुले त्यांच्या हातांवर जन्मलेली. त्यांची सून संगीता हिचा आठवा महिना सरत आला होता. तिला घाटाजवळ मावशीकडे ठेवून त्या एकट्याच नाव पारखायला आल्या होत्या.

त्यांनी पदराखालून एक कटोरा काढला. त्यात मुरमुरे होते. तो त्यांनी पाटीवर, उशीशेजारी ठेवला.

"सकायी हे कुरकुरले तं माही सून इथी झोपन. सादळले तं नाई. ओलीत बाळंतीन ठेवत नाई मी."

"मंजूर," रोहिणी म्हणाली.

संध्याकाळी छपराखाली भात आणि झिंग्यांचे कालवण झाले, वर भरपूर सांबार (आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात). मग जयाबाई जळती शेगडी उचलून खोलीकडे निघाल्या. बाळंतिणीच्या खाटेखाली निखारे ठेवायची रीत जुनी आहे. रोहिणी दारातच आडवी आली. बंद जागेत निखाऱ्यांनी जीव गुदमरतो, हे तिने ठामपणे सांगितले. शेगडी बाहेर राहिली. जयाबाईंनी एवढ्या सहज ऐकले, तिथेच आम्ही सावध व्हायला हवे होते.

पहाटे छतावरून एक थेंब बरोबर माझ्या नाकावर पडला. छत गळत नव्हते, छताला घाम आला होता. भिंतीवरून ओघळ, गादी गार, हवा कोंदट. जयाबाईंनी कटोऱ्यातला मुरमुरा चिमटीत दाबला. तो नुसताच चेपला.

"चामड्यावानी झाला," त्या म्हणाल्या आणि कटोरा उचलून निघाल्या.

रोहिणीने छताकडे पाहिले. तिथे वाकड्या मानेच्या दोन नळ्या आहेत. त्यांतून वारा आत येतो आणि पावसाचे पाणी वरच्यावर बाहेर निथळते. दोन्ही नळ्यांत लुगड्याच्या चिंध्या घट्ट कोंबलेल्या होत्या.

"जयाबाई, हे कोणी केलं?"

"म्याच केलं. तुम्ही झोपल्या तवा. बाळंतिनीले वारा लागला तं कोन निस्तरन? तू?"

मला वाटले, आता माझी मुलगी भडकणार. लहानपणी ती पेन्सिल हरवली तरी भडकायची. पण तिने चिंध्या काढल्या, पिळल्या, घडी घालून जयाबाईंना परत दिल्या.

"वारा अंगाला लागणार नाही आणि मुरमुरेही सादळणार नाहीत, असं केलं तर एक रात्र आणखी थांबाल?"

"कसं करतं?"

"तुमच्या हातचं एक इरलं लागेल."

जयाबाई "लग्नात नेसाले का?" म्हणाल्या, पण बसल्या कामट्या सोलायला.

दिवसभर पाऊस थांबला नाही. रोहिणीने नळ्यांना पोकळ बांबू जोडून त्यांची तोंडे पाटीच्या खाली नेली. पाटीच्या फळ्या काढून तिथे बांबूच्या कामट्यांची जाळी बसवली, म्हणजे गादीला खालून हवा लागेल. दुसऱ्या टोकाला छतात एक झरोका उघडला आणि त्यावर जयाबाईंचे इरले बसवले, पाठ पावसाकडे, तोंड उलट्या दिशेला. रोवणीतल्या बाईसारखे. माझ्याकडे शिस्तीचे खाते आले. ओली छत्री, ओली लुगडी, चहाचे पातेले, जे जे वाफ सोडते ते सगळे मी खोलीतून बाहेर, छपराखाली हलवले आणि आत कोणालाही ओल्या पायांनी येऊ दिले नाही.

"बाई शाळेत बी अशाच होत्या का?" जयाबाईंनी विचारले.

"याहून वाईट," रोहिणी म्हणाली.

काम झाल्यावर जयाबाई स्वतः गादीवर आडव्या झाल्या. उशाशी पणती लावली, पाटीखाली उदबत्ती खोचली. आम्ही दारातून पाहत होतो. उदबत्तीचा धूर पाटीखालून सरकत गेला, टोकाच्या भिंतीने वर चढला आणि इरल्याखालून बाहेर पडला. पणतीची ज्योत मात्र सरळ उभी होती.

"खालून जाऊन राह्यला वारा," जयाबाई छताकडे बघत म्हणाल्या. "अंगाले नाई लागत." मग त्यांनी ताजे मुरमुरे कटोऱ्यात ओतले.

सकाळी संगीताही घाटावरून आली आणि पिशवी छातीशी धरून दारात उभी राहिली. बाहेर अजून धार लागलेली होती. जयाबाईंनी मुरमुऱ्यांची मूठ भरली, एक दाणा दातांखाली धरला. छोट्या खोलीत तो आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू आला. उरलेली मूठ त्यांनी सुनेच्या हातावर ठेवली.

"खाय."

संगीताने खाल्ले आणि पिशवी पाटीवर ठेवली. "सासूबाई, तुमी बी इथीच राहान का?"

"काऊन, नको का?"

"नाई, मुरमुरे पुरले पाह्यजे."

रोहिणी बाहेर जाऊन उगाच दोरी तपासू लागली. मी तिच्या मागे गेले नाही. माझे वडील माजरीच्या कोळशाच्या खाणीत उतरत आणि वर आल्यावर मला इंग्रजीचे धडे म्हणायला लावत. त्यांना ही नाव दाखवता आली असती तर, एवढेच मनात आले.

परतल्यावर कुलूप उघडले तर माझ्याच पक्क्या घराला कुबट वास मारत होता. पुस्तकांच्या पुठ्ठ्यांवर बुरशी, उशा ओलसर. मी सगळ्या खिडक्या उघडल्या आणि छज्जा नसलेल्या एका खिडकीवर इरले बांधले. जयाबाईंनी निघताना दिलेले.

तुमच्या गावीही पाऊस संपता संपत नाही, असे तुम्ही म्हणता. मग झोपताना उशाशी वाटीभर मुरमुरे ठेवा. सकाळी फोन लावा आणि काही न बोलता एक दाणा चावा. कुरकुरला की नाही, ते मी इथून सांगेन.